मामांनी भरलेला गारवा

मामांना यंत्रांची फार आवड होती, आणि ते त्या यंत्रांचं दुर्दैव होतं. मामा म्हणजे माझे घरमालक; कुंभकोणमला मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. त्या घरात मामांचा हात लागला नाही असं एकही यंत्र नव्हतं, आणि हात लागल्यावर पहिल्यासारखं चाललं असंही एक नव्हतं. मिक्सर झाकण काढल्यावरच सुरू व्हायचा. दारावरची घंटा वाजवली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा. माझ्या खोलीतला पंखा कुरकुरतो, असं मी एकदा जिन्यातून उतरता उतरता बोलून गेले. बस्स, एवढंच. संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर माझ्या खाटेवर स्टूल, स्टुलावर मामा, मामांच्या तोंडात स्क्रू, आणि पंखा उलटा फिरतोय.

"मामा, वारा कुठे आहे?"

"वर जाऊला आहे," मामा स्क्रू न काढता म्हणाले. "गरम हवा वर जाते. पंखा तिला मदत करूला आहे. कळलं कां?"

जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे आपल्या हातून काही बिघडलं तर त्याच्यामागे मोसमी वारे, पृथ्वीचं फिरणं, नाहीतर समुद्रसपाटीपासूनची उंची असं काहीतरी निघायचंच. आणि तेवढ्याने भागलं नाही, तर मामी होत्या.

मामी म्हणजे त्यांची बायको. लहानखुऱ्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि बोलायला इतक्या कमी की घरात आहेत हे कॉफीच्या वासावरून कळायचं. काहीही बिघडलं की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हिनेच काहीतरी केलं असणार." पाण्याची मोटर जळाली, कारण हिने बटण जोरात दाबलं. इस्त्रीने धोतर जाळलं, कारण हिने मध्येच हाक मारली. मी साताऱ्याची. माझ्या घरी बाबा असं म्हणाले असते तर आईने इस्त्रीच हातात दिली असती. पण मामी नुसत्या "हो, मीच केलं" म्हणायच्या आणि कॉफीचा पेला पुढे करायच्या. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! आणि कॉफी इतकी फर्मास असायची की संताप पेल्याबरोबर संपायचा, हेही खरं.

गल्लीत सगळे त्यांना रायर म्हणायचे. तिकडच्या जुन्या मराठी माणसांना तसंच म्हणतात. त्यांचे कोणी पूर्वज मराठा राजाबरोबर तंजावरला आले, ते परत गेलेच नाहीत. घरात बोलतात ती मराठी माझ्या पणजोबांच्या कानाला ओळखीची वाटली असती. पहिल्या दिवशी मी "टेन्शन नका घेऊ" असं काहीतरी म्हणाले, तर मामा कळवळले. "तुम्ही तिकडे राहोन मराठी नासवलीत गे!" आणि लगेच रस्त्यावरच्या भाजीवाल्याला तमिळमध्ये अशा काही शिव्या घातल्या की मला एक अक्षर न कळताही सगळं कळलं.

मी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात भातावर पडणाऱ्या रोगांचं काम करायचे. तिकडे बसने जायला निघाले की मामा फाटकात गाडी काढून उभे. "येऊलीस कां? सोडतों." नाही म्हटलं तर दिवसभर तोंड फुगवून बसायचे. म्हणून मी जीव मुठीत धरून बसायचे. गाडी पांढरी, जुनी, आणि मामांशिवाय कोणीही हात न लावलेली. मेकॅनिक लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मेकॅनिक एक काढतो आणि दोन घालतो, असं त्यांचं म्हणणं. मामा स्वतः काढायचे, आणि काढलेलं बहुतेक वेळा त्यांच्या खिशातच राहायचं.

त्यांची काम करायची एक रीतच होती. माहितीपत्रक आधी वाचायचं नाही. "आधी वाचलं तर त्यांच्याच डोक्याने चालावं लागतं. आपलं डोकं कधी वापरणार?" काम झालं, धूर आला, की मग चष्मा लावून पत्रक उघडायचं आणि कंपनीने कुठे चूक लिहिली आहे ते शोधायचं.

तर त्या उन्हाळ्यात गाडीचा एसी गार पडेना.

एरवी मामांनी त्याच्याशी मजेत महिनाभर खेळ केला असता. पण त्यांची लेक बंगळूरहून बाळंतपणाला यायची होती. एकुलती एक लेक. आधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. हे मला मामींनी सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता, मान खाली घालून. आता सातवा लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की उन्हाचा त्रास होता कामा नये. आणि वर अग्निनक्षत्राचे दिवस. वैशाखातल्या त्या कडक उन्हाला तिकडे तेच नाव आहे, आणि त्यात काहीही अतिशयोक्ती नाही.

जावयाने फोनवर स्वच्छ सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण मामांनी तो दुरुस्त केल्यापासून त्याचा आवाज कमी होतच नसे. म्हणून गल्लीनेच ऐकलं. "तपासणीला दर वेळी तंजावरला जायचं, एक तासाचा रस्ता. त्या भट्टीत माझी बायको बसणार नाही. एसी नीट असेल तर ठेवतो. नाहीतर परत घेऊन येईन, बाळंतपण माझ्या आईकडे होईल."

"टॅक्सी करू की," मी मध्येच म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि कळा सुरू झाल्यावर? टॅक्सीवाल्याला झोपेतून उठवायला जाणार?" जावई म्हणाला. माणूस चुकीचं बोलत नव्हता, तोच तर त्रास होता.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोन्ही वेळा लेक हॉस्पिटलात होती तेव्हा यांना मागाहून कळवलं होतं. या खेपेला तिला डोळ्यांसमोर ठेवायची, हातचं खाऊ घालायचं, एवढंच त्या बाईला हवं होतं. त्या आत वळल्या. पदराने ओटा पुसत राहिल्या, स्वच्छ असलेला.

"गॅस संपला असणार," मामांनी जाहीर केलं. "मीच भरतों."

गॅसचा डबा घरपोच आला. त्याला एक नळी, नळीला छोटं घड्याळ, घड्याळात हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. रविवारी सकाळी मामांनी धोतर वर खोचलं, बॉनेट उघडलं आणि मला गाडी चालू करून आत बसायला लावलं. एसी पूर्ण, पंखा पूर्ण. नळी जोडल्याबरोबर काटा हिरव्यावर गेला. अजून एक थेंबही आत गेला नव्हता बरं का.

मी काचेतून ओरडले, "मामा, हिरव्यावर आहे! म्हणजे गॅस पुरेसा आहे!"

"हिरवा म्हणजे पुढे चला!" मामा ओरडले आणि त्यांनी डबा उलटा केला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या घरात पान वाढलं की जेवणाऱ्याचं "पुरे" कोणी ऐकत नसे. पानावर हात आडवा धरला तर हातावर भात पडायचा. मी पहिल्या महिन्यात दोन ड्रेस शिवण उसवून सैल करून घेतले. तोच माणूस आता गाडीच्या एसीला वाढत होता. पहिला डबा रिकामा झाला. थोडी गार झुळूक आल्यासारखी वाटली. शहाण्या माणसाने तिथे हात धुतले असते. मामांनी धोतराच्या कनवटीतून दुसरा डबा काढला. "एकाने कुणाचं पोट भरलं आहे? घे गे अजून थोडं." हे मला नाही, एसीला.

काटा पिवळ्यात गेला, मग लालात. पुढून टक, टक, टक असा आवाज यायला लागला आणि माझ्या तोंडावर अशी ऊन हवा आली की मी दार उघडून बाहेर उडी मारली.

"हिनेच काहीतरी केलं असणार," मामा म्हणाले. मामी तेव्हा देवळात होत्या.

मग शोध सुरू झाला. डाव्या सीटपुढच्या सामान ठेवायच्या कप्प्यामागे हवेची जाळी असते, ती काढली. तिच्यातून कडुनिंबाचा मोहोर, पानं आणि एक चिमणीचं पीस निघालं. मामा एवढे खूश झाले की त्यांनी ते सगळं ताटलीत घालून गल्लीभर दाखवलं. जाळी धुऊन बसवली. आता हवा जोरात यायला लागली. आधी थोडी गरम यायची, आता भरपूर गरम. मग त्यांनी बटणाचा खटका उघडला आणि तारा स्वच्छ केल्या. त्यानंतर एसी लावला की मागचे वायपर फिरायचे. मग पत्रक उघडलं, चष्मा लावला. पत्रकात पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं की गॅस जास्त झाला तर गाडी गार होत नाही. मामांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भाषांतर वाईट आहे."

पण लेक यायचे दिवस जवळ आले होते आणि मामींनी जेवण सोडल्यासारखं केलं होतं. त्या कॉफी करायच्या, पण तिच्यात साखर घालायला विसरायच्या. ते बघून मामा एका सकाळी, मान ताठ ठेवून, चोळपुरमच्या एका गॅरेजात गेले. जन्मात पहिल्यांदा. मी बरोबर होते, नाहीतर त्यांनी अर्ध्या वाटेतून गाडी वळवली असती. तिथल्या माणसाने जास्तीचा गॅस काढला, बरोबर तेवढा ठेवला आणि सांगितलं, आता गॅस ठीक आहे. तरी उभ्या गाडीत हवा गरमच. मग त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, कॉम्प्रेसरच गेला, नवा मागवावा लागेल, दहा-पंधरा दिवस लागतील.

मामांनी त्याला नमस्कार केला आणि गाडी बाहेर काढली. "एक काढतो, दोन घालतो," एवढंच म्हणाले. रस्त्यावर गाडी पळायला लागली तशी हवा जरा बरी यायला लागली. बघ, झाली बरी, असं मामा म्हणाले, आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले.

लेक आली, पोचवायला जावई बरोबर. पोट एवढं पुढे, चेहरा सुकलेला, पण हसरी. "अप्पा, माझ्या खोलीतला पंखा तुम्ही दुरुस्त नाही ना केला?" हे तिचं पहिलं वाक्य. मला ती तिथेच आवडली. दुसऱ्या दिवशी सगळे तिरुक्करुगावूरला निघाले. गर्भ राखणारी देवी आहे तिथे. पोटुशी बायका तिच्याकडचं तेल नेतात. मामींनी हट्ट धरला म्हणून मलाही घेतलं.

रस्त्याने एसी बरा चालला. जावयानेसुद्धा "ठीक आहे की" म्हटलं आणि मामांचा चेहरा फुलला. पण देवळाच्या अलीकडे कोणाचं तरी लग्न होतं. वाजंत्री, माणसं, पुढे उसाचा ट्रॅक्टर. गाडी थांबली. आणि थांबल्याबरोबर आतली हवा तापायला लागली. लेकीने आधी पदराने वारा घेतला, मग काच खाली केली, आणि मग ती पांढरी पडली. तिने मामींच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि म्हणाली, "अम्मा, मला कसंतरी होतंय."

कर्म माझं! जावयाने तिला उतरवून एका घराच्या ओसरीवर निजवलं, त्या घरच्या बाईने ताक दिलं, ओलं फडकं दिलं. थोड्या वेळाने तिला बरं वाटलं, बाळ हललं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण जावई मामांकडे न बघता म्हणाला, "उद्या दुपारच्या गाडीने आम्ही परत जातोय."

मामांनी "हिनेच" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा नाही. मामी परतीच्या वाटेवर लेकीचा हात हातात धरून खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. मला वाटलं, या म्हाताऱ्याला गाडीतून खाली ढकलावं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी खाली आले तर मामा गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसले होते. हातात एकही हत्यार नाही. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गाडी चालते तेव्हा गार, थांबते तेव्हा गरम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चालते तेव्हा काय असतं जे थांबल्यावर नसतं?"

"वारा," मी म्हणाले.

"समोरून वारा लागतो म्हणोन कसंबसं चालतं. म्हणजे गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. वाट अडली आहे वाऱ्याची." ते उठले, टॉर्च आणला आणि पुढच्या जाळीच्या फटीतून आत पाहिलं. आतमध्ये एसीची गरम वाफ निवते ती पातळ पत्र्यांची चौकट असते. मग त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

पत्रे दिसतच नव्हते. सगळ्यावर पिवळट, वाळलेला, भेगा पडलेला थर. भिंत लिंपल्यासारखा. मी नाक जवळ नेलं. चंदन.

आणि तेवढ्यात मामी आल्या. न्हालेल्या, केस पंच्यात बांधलेले, हातात सहाणेवर उगाळलेल्या चंदनाची वाटी आणि कापूस गुंडाळलेली काठी. दर शुक्रवारी त्यांना गाडीपुढे वाकलेलं मी वरून पाहिलं होतं. बॉनेटला टिळा लावत असतील, असं मला वाटायचं. मामांचा चेहरा बघून त्या जागीच थांबल्या.

"गारवा तिथून येतो म्हणोन तुम्हीच दाखवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "चंदन थंड असतं. मुलगी याच्यात बसणार. तिला राहिलं कळलं त्या शुक्रवारपासून लावूलें." मग त्यांनी टॉर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. "माझ्यामुळे? काल तिला झालं ते माझ्यामुळे?"

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस गल्ली डोक्यावर घेणार. इतकी वर्षं जे खोटं म्हणत आला, ते आज एकदाचं खरं निघालं होतं. त्याला दुसरं काय हवं?

दारात पावलं वाजली. जावई बाहेर आला, हातात बॅग. "काय झालं? हे आत काय लागलंय?"

मामांनी मामींच्या हातातली वाटी काढून घेतली. काठी पण घेतली. "चंदन," ते म्हणाले. "मी लावत होतों. थंड असतं म्हणोन."

जावई बघतच राहिला. "तुम्ही? मशीनला? चंदन?"

"दर शुक्रवारी," मामा म्हणाले. "माझंच डोकं. चूक झाली."

मग जावई जो हसायला लागला! बॅग खाली ठेवली, पायरीवर बसला, डोळे पुसले, बायकोला हाका मारून बोलावलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भूगोलाचे मास्तर आणि चंदनाचा लेप! दोघं नवराबायको पोट धरून हसली, आणि तिचं पोट धरणं तर बघण्यासारखं होतं. मामा वाटी घेऊन उभे. मला सांगायला हरकत नाही, मला त्या जावयाच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली, आणि मामांच्या पाया पडावंसं वाटलं. आयुष्यात दोन्ही गोष्टी मी केलेल्या नाहीत.

पाण्याची नळी आणली, जुने दात घासायचे ब्रश आणले. मी आणि मामा फटीफटीतून घासत बसलो. अंगणात पिवळं पाणी वाहत होतं आणि सगळी गल्ली देवघरासारखी दरवळत होती. शेजारच्या बाई विचारायला आल्या की रायरांकडे आज कोणतं व्रत आहे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मामांनी गाडी सुरू केली आणि लेकीला आत बसवलं. गाडी जागची हलवली नाही, तशीच उभी ठेवली. आम्ही बाहेर घामाने निथळत उभे. काच बंद. बऱ्याच वेळाने जावयाने वाकून बघितलं, तर ती मागच्या बाकावर आडवी होऊन गाढ झोपली होती.

त्याने तिची बॅग उचलली आणि घरात नेऊन ठेवली. "मी एकटाच जातो," म्हणाला. "पण मास्तर, हात जोडतो, आता या गाडीला काही लावू नका."

"नाही लावत," मामा मुकाट्याने म्हणाले.

जावई कॉफी प्यायला आत गेला. अंगणात आम्ही तिघंच उरलो. मामी मघापासून खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"मी केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कां घेतलंत अंगावर?"

मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मोसमी वारे आठवतात का ते बघत असावेत. मग म्हणाले, "मला ते हसले तर तिन्हीसांजेपर्यंत विसरतील. तुला हसले असते तर तू मुलीकडे वर मान करोन बघितलं नसतंस."

मामींनी पायरीवर ठेवलेली वाटी उचलली. तळाशी थोडं चंदन उरलं होतं. पाचही बोटांनी ते निपटून त्यांनी मामांच्या कपाळाला लावलं, मग दोन्ही गालांना, मग गळ्याला. ते ओघळून धोतरावर पडलं तरी त्या लावत होत्या, आणि रडत होत्या. मामा डोळे मिटून, हात खाली सोडून, सगळं लावून घेत उभे होते.